पान तेवीस, ओळ सहावी

भवानी पेठ, सोलापूर
१८ ऑगस्ट १९७४

चि. सौ. सुंदरम्मास अनेक आशीर्वाद.

परवा भावजी साखर कारखान्याच्या कामासाठी सोलापुरात आले होते, रात्री आपल्याकडेच जेवले. तिसऱ्या भाकरीला त्यांनी सांगितलं की गौरा शाळेत जात नाही. चौथी भाकरी मी घेतली नाही. विचारलं, "आजारी आहे का?" म्हणाले, "नाही." "मग?" "सुंदरा घरीच शिकवते." आणि हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू तू घरीच लोणी काढतेस.

सुंदरा, मी पंचवीस वर्षं संस्कृतचा मास्तर आहे. ज्या धंद्यावर माझं घर चालतं तो माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने चुलीपाशी सुरू करावा आणि मला जावईमाणसाच्या तोंडून कळावं? वस्तुतः तू मला आधी विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस.

आणि ते शिक्षण तरी काय? भावजी सांगत होते की "भाकरी कशी करावी" हे तू गौराला लिहायला लावलंस, आणि लिहिल्याबरहुकूम त्यांना करायला बसवलंस. पोरीने पाणी घालायचं लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी कोरडं पीठ तव्यावर पसरलं. कारखान्याच्या वजनकाट्यावर जबाबदारीने बसणारा गृहस्थ. भाकरीला पाणी लागतं हे कोणास ठाऊक नाही? म्हणे, "पण तिनं लिहिलं नव्हतं, अण्णा." वर हसत होते.

तुझा हट्ट ऐरावतासारखा आहे. भव्य आहे, पांढराशुभ्र आहे, आणि घरात मावणारा नाही. तुमच्या श्रीपूरची शाळा चौथीपर्यंत. येत्या जूनला गौराला आमच्याकडे ठेवून इथल्या मुलींच्या हायस्कुलात पाचवीला घालायचं आपलं ठरलं आहे. मोठ्या बाई तिची परीक्षा घेतील, ती घेवोत; पण शाळा सोडल्याचा दाखला मागतील. तेव्हा काय भाकरी दाखवणार आहेस?

सविस्तर उत्तर लिही. तुझी वहिनी शरणम्मा म्हणते, "फार रागावू नका." तिचा निरोप तिच्या वतीने कळवला, माझं मत वेगळं आहे.

अण्णा

श्रीपूर
१ सप्टेंबर १९७४

ति. स्व. अण्णांस सुंदराचे शरणार्थी, साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. दोन पानं रागावलात, पण कारण काही विचारलं नाहीत. न विचारता सांगते.

आमच्या मास्तरांकडे निबंधाचं एक जुनं पुस्तक आहे. त्यातला निबंध ते फळ्यावर उतरवतात, मुलं वहीत उतरवतात, पाठ करतात आणि परीक्षेत परत उतरवतात. चाळीस मुलांची आवडती गाय एकच, चाळीस जणांची आई एकच. कानामात्रा चुकला तर एक छडी.

गेल्या संक्रांतीला गौरा तुमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेला आली होती. परत आल्यावर फेब्रुवारीत नेमका "सोलापूरची यात्रा" हाच निबंध आला. पुस्तकात आहे की नंदीध्वजांच्या पाच काठ्या मिरवणुकीने निघतात. सोलापुरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की काठ्या सात असतात. गौरानं सात लिहिल्या. शिवाय लिहिलं, "शेवटची काठी धरलेल्या माणसाच्या पायाला फोड आला होता. त्याला खाली वाकून बघता येत नव्हतं, कारण काठी सोडता येत नव्हती." हे पुस्तकात नाही. मास्तरांनी तिला उभं केलं. "तुला सात पाहिजेत ना? हात पुढं कर. मोज." आणि सात छड्या मारल्या. तिला मोठ्यानं मोजायला लावल्या. वर्गासमोर.

मी दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, "मास्तर, काठ्या सातच आहेत." म्हणाले, "बाई, हे छापील आहे. तुम्ही पुस्तक लिहिलंय का?" म्हटलं, "तुम्ही यात्रा बघितलीय का?" तर म्हणाले, "मी नगरकडचा. मला बघायची गरज नाही, माझ्याकडे पुस्तक आहे."

वर्ष संपेपर्यंत कशीबशी पाठवली. जूनला तिला काढली, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो घरात जपून ठेवलाय. वर्तणुकीच्या रकान्यात चोरालासुद्धा "चांगली" लिहितात. गौराच्या रकान्यात लिहिलंय: "उद्धट". खाली सही, शिक्का.

आता मास्तर म्हणतात, पोरीनं तो निबंध पुस्तकाप्रमाणे लिहून आणावा, माफी मागावी, मग दाखला बदलून "चांगली" लिहून देतो. मी गौराला सांगून बघितलं. ती म्हणाली, "अव्वा, पाच लिहिल्या तर राहिलेल्या दोन काठ्या कुठं ठेवू?"

म्हणून घरी शिकवते, अण्णा. पाणी लिहायचं राहिलं तर भाकरी होत नाही, हे तिला तव्यावर कळलं. छडी लागली नाही. तुमच्या भावजींनी ती करपलेली पिठी चमचाभर खाल्लीसुद्धा.

तुमची
सुंदरा

सोलापूर
९ सप्टेंबर १९७४

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

पत्र वाचलं. छड्यांचं वाचून वाईट वाटलं. पोरीचा हात आता बरा आहे ना? फेब्रुवारीची गोष्ट मी सप्टेंबरात विचारतो आहे, हे मलाही कळतं.

तरीपण थोडं थंड डोक्याने बघ. प्रश्न एका शब्दाचा आहे आणि पणाला पोरीचं अख्खं वर्ष आहे. पाच लिहून टाकू दे. मास्तर खूष, दाखला स्वच्छ; पुढे जन्मभर तिला हव्या तितक्या काठ्या लिहू देत. शिवाय पाच हा आकडा आपल्या वीरशैवांत अगदीच उपरा नाही. आचार्य पाच, अमृतं पाच, मंत्राची अक्षरं पाच. तुझा हा भाऊ पंचाक्षरी, म्हणजे तोही पाचावरच नाव लावून हिंडतो. ज्या कोणी ते पुस्तक लिहिलं असेल त्याने वस्तुतः काही विचार करूनच लिहिलं असेल.

जाता जाता, त्या पुस्तकावर नाव आहे का? सहज विचारतो.

अण्णा

श्रीपूर
१४ डिसेंबर १९७४

ति. स्व. अण्णांस शरणार्थी.

तीन महिने लिहिलं नाही, कारण तुमच्या सल्ल्याचा राग तीन महिने पुरला. मार खाल्लेल्या पोरीला तिचा मामा सांगतो की मारणाऱ्याचं खरं मान. शास्त्राचा आधार देऊन सांगतो. अमृतं पाच आहेत म्हणून काठ्या पाच, तर पांडव पाच आहेत म्हणून माझ्या हाताला बोटं पाच आहेत का? हे मी मास्तरांच्या तोंडून ऐकून घेतलं असतं. तुमच्या नाही.

पुस्तकावर नाव नाही. "एका अनुभवी शिक्षकाने लिहिलेले" एवढंच आहे. गल्लीतल्या गैबीसाबची जाहिदा आता चौथीत आहे, तिनं बघून सांगितलं. गैबीसाब कारखान्याचा ट्रक चालवतात, त्यांची पोर दुपारी आमच्याच ओट्यावर असते.

राग बाजूला ठेवून आमच्या शाळेची हकीकत लिहिते. गाळप सुरू झालंय. ऊसतोडीची माणसं आलीत, त्यांच्या खोपी कारखान्यामागच्या माळावर पडल्यात. त्यात बीडकडची बजाबाई म्हणून आहे. तिला घरी लेकीला पत्र पाठवायचं होतं. गौराला म्हटलं, ती बोलेल तेच लिही, आपलं काही घालू नको. बजाबाई म्हणाली, "लिव्ह की, मी बरी हाय. पाय लई दुखत्यात पर ते लिवू नगं." गौरा अडली. "अव्वा, लिहू नको म्हणालेलं लिहायचं का?" मी म्हटलं, तूच ठरव. मग तिनं लिहिलं, "मी बरी हाय. हितं ऊस लई उंच हाय. तू आपल्या पायांना तेल लावत जा." वाचून दाखवल्यावर बजाबाई म्हणाली, "व्हय, ही मीच बोलतीया की." आणि डोळ्याला पदर लावला. या निबंधाला गुण किती द्यायचे, तुम्हीच सांगा.

वाचायला आमच्याकडे पुस्तकं कमी. म्हणून घरात आलेली पत्रं वाचतो. मी खालची सही हातानं झाकते आणि विचारते, हे कुणी लिहिलं असेल? कशावरून? काय सांगायचं टाळलंय? यात ती आता इतकी तरबेज झाली आहे की तिच्या अप्पांच्या भावांनी धाडलेल्या कार्डावरून तिनं ओळखलं, काका आजारी होते आणि लपवत होते. सगळ्यांत जास्त उपयोग तुमच्या पत्रांचा होतो. कारण लांब असतात.

सुंदरा

सोलापूर
१९ जानेवारी १९७५

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

दोन गोष्टी निषेधाच्या. पहिली: "हाय", "नगं", "लिव्ह" हे कागदावर उतरवणं म्हणजे भाषेला अंगणात उघडं फिरवणं. बोलताना मीही "हितं" म्हणतो, पण लेखणी धरली की माणसाने अंगरखा घालावा. दुसरी: घरातल्या कर्त्या माणसाची खाजगी पत्रं ही पाठ्यपुस्तकं नव्हेत. यापुढे माझी पत्रं गौराच्या हाती देऊ नयेत, ही आज्ञा समज. विनंती समजलीस तरी चालेल.

एक गोष्ट कामाची. हायस्कूलच्या मोठ्या बाईंना भेटलो. पोरीला घरी शिकवलं यावर त्यांची तक्रार नाही. पण "उद्धट" हा शब्द ऐकून चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "दाखला स्वच्छ आणा. सोळा जूनपर्यंत जागा धरून ठेवते, त्यापुढे माझा इलाज नाही. आमची कमिटी आहे."

यात्रा पार पडली. गर्दी फार होती. तुम्ही आला नाहीत ते बरं झालं.

बजाबाईच्या पत्राला गुण द्यायला मी नकार देतो. शरणम्माला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

अण्णा

श्रीपूर
२ फेब्रुवारी १९७५

ति. स्व. मामांना गौराचे शरणार्थी.

तुमची पत्रं मला देऊ नयेत असं तुम्ही लिहिलं, ते पत्रही मी वाचलं, कारण अव्वाला ते आधी कळलं नाही आणि नंतर उशीर झाला होता.

जाहिदाला मास्तरांनी निबंध उतरवायला पुस्तक घरी दिलं होतं. मी पहिल्यांदाच ते स्वतः वाचलं. आधी फक्त फळ्यावरचं उतरवलं होतं. पान तेवीसवर यात्रा आहे. "यात्रांचे महत्त्व कोणास ठाऊक नाही?" असं सुरू होतं. मग "वस्तुतः" येतं. मग काठ्या ऐरावतासमान डुलतात. मी तुमची पत्रं शेजारी ठेवली. तुम्हीपण "कोणास ठाऊक नाही" लिहिता. तुम्हीपण "वस्तुतः" लिहिता. तुमच्या पत्रात अव्वाचा हट्ट ऐरावत आहे. अव्वा म्हणाली, एवढ्यावरून सिद्ध होत नाही, शिकलेली माणसं असंच लिहितात.

मग मी बघितलं की काय टाळलंय. पुस्तकातल्या यात्रेत एकही माणूस नाही, नुसता जनसागर आहे. म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानं यात्रा बघितली नव्हती. आणि तुम्ही सप्टेंबरात विचारलं की पुस्तकावर नाव आहे का. ज्याला माहीत नसतं तो विचारतो की कुणाचं नाव आहे. तुम्ही विचारलं, आहे का.

आणखी एक. आपण यात्रेत उभे होतो तेव्हा सातवी काठी आली आणि मी तुम्हाला दाखवली. तुम्ही खाली बघत होतात. मला वाटलं तुमची चप्पल तुटली.

पुस्तक तुम्ही लिहिलंय का? खरं सांगा. मला राग आला नाही. आला आहे, पण आधी खरं कळू दे.

गौरा

सोलापूर
१० फेब्रुवारी १९७५

चि. गौरास अनेक आशीर्वाद.

होय.

हे पत्र तुझ्या आईलाही वाचायला दे. तिला लिहायचं धाडस होत नाही म्हणून तुला लिहितो.

मी आठ वर्षांचा असताना मला काशीच्या पाठशाळेत ठेवलं. बाविसाव्या वर्षी, एकोणीसशे एकोणपन्नासच्या डिसेंबरात, सोलापुरात आलो. नोकरीला पंधरा दिवस झाले होते. सात रस्त्याजवळ चन्नप्पांचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथल्या थोरल्या मालकांनी विचारलं, "शास्त्रीबुवा, मुलांसाठी वीस निबंध लिहून द्याल का? संक्रांतीच्या आत पाहिजेत." मोबदला म्हणून एक नवी कोरी चादर. थंडी होती. लिहून दिले.

यात्रेचा निबंध हवाच म्हणाले. मी यात्रा पाहिली नव्हती. ती महिन्याने होती. दुकानाबाहेर पायरीवर येऊन कोणालाही विचारलं असतं की काठ्या किती, तर उत्तर मिळालं असतं. पण काशीहून चौदा वर्षं शिकून आलेला मनुष्य पायरीवर बसलेल्या हमालाला विचारतो का? मी अनुमान केलं. आपल्या पंथात जे जे थोर ते पाच, म्हणून काठ्या पाच. व्याप्ती, म्हणजे तर्काची जोडणी, सुंदर होती. फक्त काठ्यांना ती ठाऊक नव्हती.

"अनुभवी शिक्षक" हे मालकांनी घातलं. माझा अनुभव पंधरा दिवसांचा होता.

पुस्तक छापून आलं आणि आठवड्याने यात्रा आली. मी मोजलं. पाचवी गेली, सहावी आली, मग सातवी. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, आणि पुढे पंचवीस वर्षं रोज जेवतो आहे. दरवर्षी म्हणायचो, आता ते पुस्तक कोण वाचतं? इथल्या शाळांत कोणी वाचत नाही. तुमच्या बाजूच्या गावोगावी फळ्यावर चढतं, हे मला तुझ्या आईच्या पत्रातून कळलं. तेव्हा तुझा हात माझ्यामुळे सुजला, हे कळलं. आणि ते कळल्यावर मी तुला लिहिलं की पाच लिही.

चप्पल तुटली नव्हती.

तुझा मामा

श्रीपूर
१८ फेब्रुवारी १९७५

अण्णा,

मायना घातला नाही. सुचला नाही.

मास्तरांनी तिला एकदा मारलं. तुम्ही सगळं ठाऊक असून तिला पाच लिहायला सांगितलंत. मास्तर निदान अजाण होते.

तुमचं पत्र सुंदर आहे. काशी, थंडी, चादर, हमाल, सगळं आहे. गौरा दोनदा वाचून म्हणाली, "मामांनी आता काय करणार ते लिहिलं नाही." तिचं वाचन पक्कं झालंय, यात तुमचा वाटा मोठा आहे, तेवढं मान्य.

जूनला चार महिने आहेत.

सुंदरा

सोलापूर
६ एप्रिल १९७५

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

शुक्रवारी मी श्रीपूरला येऊन गेलो. शाळेतून थेट स्टँडवर गेलो. तुझ्या उंबऱ्याशी यायला तोंड नव्हतं. आता तर आणखीच नाही. का ते वाच.

मास्तर सभ्य आहेत, मला खुर्ची दिली. मी सांगितलं, "हे पुस्तक माझं आहे, काठ्यांचा आकडा चुकला आहे, पोर बरोबर होती. दाखला बदलून द्या." त्यांनी पुस्तक काढलं, पहिलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"यावर तुमचं नाव नाही."

"तेव्हा घातलं नव्हतं."

"मग मी कसं मानायचं? उद्या कोणीही येऊन म्हणेल, हे माझं. लेखक असाल तर निबंध येत असेल. म्हणून दाखवा."

सुंदरा, मला आला नाही. "यात्रांचे महत्त्व कोणास ठाऊक नाही" इथवर गेलो आणि पुढे अंधार. पंचवीस वर्षं जे विसरायचा प्रयत्न केला ते वस्तुतः विसरलो होतो. मास्तरांनी वर्गाकडे वळून नुसती मान हलवली. चाळीस मुलं एका सुरात सुरू झाली. स्वल्पविरामाला थांबत होती. माझे जनसागर, माझे ऐरावत, माझ्या पाच काठ्या, सगळं मला तोंडावर ऐकवलं. संपल्यावर मास्तर म्हणाले, "यांच्यातला कोणीही लेखक शोभेल. तुम्ही नाही."

मी चिडलो. म्हणालो, "अहो, मी सोलापूरचा आहे, दर वर्षी डोळ्यांनी बघतो." म्हणाले, "तुमचे डोळे मी सरकारी तपासणीला दाखवू शकत नाही. छापील काही असेल तर आणा."

छापील. दहा वर्षांच्या मुलीचे डोळे नकोत, लेखक स्वतः नको, सोलापुरातली लाख माणसं नकोत. मी त्यांना तिथेच काही संस्कृत शब्द ऐकवणार होतो, पण मुलांनी तेही पाठ केले असते.

परत येताना गाडीत राग मास्तरांवर होता. पंढरपुराशी तो गळाला. त्या माणसाने केलं काय? न बघता छापलेलं खरं मानलं. मी न बघता छापलं. आमच्यात थोरला मी.

अण्णा

सोलापूर
२७ मे १९७५

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

चन्नप्पांकडे गेलो. थोरले गेले, आता मुलगा बसतो. त्याला सांगितलं, पुस्तक दुरुस्त करून छाप. म्हणाला, "सर, एकोणिसावी आवृत्ती आहे. आता सात केलं तर मास्तर लोक पुस्तक चुकलंय म्हणून परत पाठवतील." पंचवीस वर्षांत एकही पत्र आलं नाही का, विचारलं. म्हणाला, आलीत की, सोलापूरच्या मुलांची. त्याने ती एका खोक्यात ठेवली आहेत. मुलांनी लिहिलेली म्हणून उत्तर दिलं नाही. तुझी गौरा पहिली नव्हे, सुंदरा. मी ते खोकं उघडायला धजलो नाही.

मग मी माझ्या खर्चाने शुद्धिपत्र छापून घेतलं. कागदाची चिठ्ठी, चार बोटं रुंद. दुकानात आणि माळ्यावर मिळून जेवढ्या प्रती होत्या त्या सगळ्यांत सुट्टीभर बसून मी स्वतः चिकटवली. शरणम्माने खळ शिजवून दिली. हात अजून चिकट आहेत. मजकूर असा:

"शुद्धिपत्र. पान २३, ओळ ६: 'पाच' ऐवजी 'सात' वाचावे. तसेच पान २३ ते २५ वरील निबंध लेखकाने यात्रा न पाहता लिहिला आहे. विद्यार्थ्यांनी तो पाठ करू नये. स्वतः जाऊन, पाहून, आपल्या शब्दांत लिहावे. पंचाक्षरी, मूळ लेखक."

दुसऱ्या वाक्याला चन्नप्पांच्या मुलाचा विरोध होता. म्हणाला, "यानं खप बसेल." मी म्हटलं, बसू दे.

एक प्रत तुमच्या मास्तरांना रजिस्टरने पाठवली आहे. शाळा नऊ जूनला उघडते. मोठ्या बाईंकडची मुदत सोळाची. आता मला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ही अवस्था माझ्या सवयीची नाही.

अण्णा

श्रीपूर
१२ जून १९७५

ति. स्व. अण्णांस सुंदराचे शरणार्थी.

दाखला मिळाला. नवा कोरा, "वर्तणूक: चांगली". सही, शिक्का. येत्या रविवारी तिचे अप्पा गौराला घेऊन येतात, म्हणजे सोळाला सकाळी मोठ्या बाईंच्या हातात पडेल. तिचं अंथरूण, दोन फ्रॉक आणि एक वही एवढंच सामान आहे. तिला रात्री पाण्याचा तांब्या उशाशी लागतो, शरणम्मावहिनींना सांगा.

मिळाला कसा तेही लिहिते. मंगळवारी मास्तरांनी स्वतः बोलावणं पाठवलं. तुमची चिठ्ठी त्यांनी पट्टी ठेवून वाचली होती. म्हणाले, "बाई, आधीच सांगायचं ना." मी म्हटलं, "दीड वर्ष सांगतेय." म्हणाले, "तसं नव्हे. असं." आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग मुकाट्यानं दाखला लिहून दिला. माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. मला तो कागद आधी तिथून बाहेर न्यायचा होता.

घरी आल्यावर गौरानं दाखला वाचला. सही हातानं झाकून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "अव्वा, हे माझ्याबद्दल लिहिलेलं नाही. आधीचंपण नव्हतं." मग माझ्याकडे दिला, पेटीत ठेवायला.

मला वाटलं, संपलं. काल दुपारी जाहिदा ओट्यावर आली. हातात वही, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. गौरानं विचारलं, "काय पाठ करतेस?" तिनं एका दमात म्हटलं, "विद्यार्थ्यांनी तो पाठ करू नये स्वतः जाऊन पाहून आपल्या शब्दांत लिहावे पंचाक्षरी मूळ लेखक."

अण्णा, मास्तरांनी तुमचं शुद्धिपत्र फळ्यावर उतरवलं. जुन्या चौथीच्या ज्या मुलांचे दाखले अजून व्हायचे होते त्यांना आणि नव्यांना, सगळ्यांना वहीत घ्यायला लावलं. उद्या म्हणून दाखवायचं आहे. कानामात्रा चुकला तर एक छडी, हे तसंच आहे.

मला हसू आलं नाही, राग एवढा होता की कुणावर काढावा कळेना. मी शाळेकडे जायला निघाले होते, चपला घातल्या होत्या. गौरानं जाहिदाच्या हातातली वही मिटली आणि तिला मागच्या दारी नेलं. तिथं लिंबाखाली एक म्हातारी गाडीवानीण बैलाच्या खुरातला खडा काढत बसली होती. गौरा म्हणाली, "ती बघ. आणि लिही."

जाहिदा बघत उभी राहिली. मग हळूच विचारलं, "किती ओळी?"

"संपेल तिथं थांब."

"अन् चुकलं तर?"

"परत बघायचं."

जाहिदा खाली बसली. म्हातारीनं विचारलं, "काय गं पोरी, माझं काय लिवतीस?" जाहिदा म्हणाली, "अजून ठरलं न्हाय." मग मान खाली घालून लिहायला लागली. दिवेलागणीला गैबीसाब तिला न्यायला आले. मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, जरा थांबा, तिचं व्हायचंय.

ते थांबले.

सुंदरा